भट्टीवरचं नाक

बेकरीचं काम शिकवणाऱ्या त्या शाळेत नाक्या आला तेव्हा सोळा वर्षांचा होता, आणि पहिल्याच आठवड्यात त्याचं खरं नाव सगळे विसरून गेले. कारण त्याचं नाक. दिसायला साधंच, जरा पसरट. पण मोठ्या भट्टीकडे पाठ करून तो बिस्किटांचं पीठ लाटत असायचा आणि मध्येच म्हणायचा, "मॅडम, वरच्या ट्रेमधले कोपऱ्यातले बन झाले." दार उघडून बघावं तर खरंच कोपऱ्यातले बन तांबूस झालेले आणि मधले अजून फिकट. दूध उद्या नासणार हे त्याला आज कळायचं. कोणाच्या डब्यात काय आहे ते झाकण उघडायच्या आत जाहीर करून तो पोरींच्या शिव्या खायचा.

भट्टीवर शिकवणाऱ्या बाईंनाही मुलांनीच नाव दिलं होतं, पावमॅडम. त्यांना ते मनापासून आवडायचं. त्यांचं अर्धं आयुष्य भट्टीपुढे गेलं होतं, दोन्ही हातांवर चटक्यांचे जुने डाग होते. शिक्षकांच्या खोलीत त्या सांगायच्या, की पीठ मळायला, फुगवायला, भाजायला मी कोणालाही शिकवीन, पण ह्या पोराचं नाक मला शिकवता येणार नाही, ते तो घरून घेऊन आलाय. त्यावर प्राचार्य म्हणायचे, मग त्याची फी अर्धी करू या का, निम्मं तर तो शिकूनच आलाय. असं म्हणून ते एकटेच हसायचे.

दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला त्याच नाक्याने एक अख्खा ट्रे करपवला. पहिल्यांदा सगळे हसले. नाक्याही हसला. पुढच्या वेळी मॅडमनी त्याला चांगलंच झापलं. नंतर मात्र हे वरचेवर व्हायला लागलं आणि तो हसेनासा झाला. भट्टीला खेटून उभा असायचा, तरी त्याला पत्ता लागायचा नाही. धूर डोळ्यांना झोंबला की मगच दार उघडायचा.

मॅडमना वाटलं, स्वारी प्रेमात पडली असावी. त्या वयाला ते शोभूनही दिसतं. त्यांनी भट्टीचं काम त्याच्याकडून काढून चष्मिसकडे दिलं. चष्मिस त्याच्याच वर्गातली. भट्टीचं दार उघडलं की वाफेने तिच्या जाड काचा पांढऱ्याफटक व्हायच्या आणि तिला काही म्हणजे काही दिसायचं नाही. म्हणून पहिलं वर्षभर नाक्याच्या मागे लागून तिने वासावरून ओळखण्याची विद्या थोडीफार पदरात पाडून घेतली होती. भट्टी तिच्याकडे गेली तेव्हा नाक्याने हूं की चूं केलं नाही. मॅडमना खटकलं ते हेच. पूर्वी त्याच्या हातातली पळी कोणी घेतली तरी हा भांडायला उठायचा.

त्या दिवसापासून त्या त्याच्याकडे नीट बघायला लागल्या. सकाळी तो बरा असायचा. मधल्या सुट्टीनंतर यायचा तो वेगळाच मुलगा. पाय जरा भरकटल्यासारखे, बोलणं जड, आणि सारखं डोकं दुखतंय म्हणून भिंतीला टेकणं. नाकाखाली आणि ओठांच्या कडेला बारीक पुरळ आलं होतं. विचारलं तर म्हणायचा, वस्तऱ्याने कापलं. त्याला अजून धड मिसरूड फुटलं नव्हतं. जुने मित्र लांब पडले होते. मापं त्याला पाठ होती, आता तो मिठाचं माप दोनदा विचारायचा आणि तरी एकदा घालायला विसरायचा. यातली एकेक गोष्ट घेतली तर कुठल्याही पोराच्या बाबतीत होणारी होती. पण मॅडमना 'कुठलाही पोरगा' माहीत नव्हता, हाच माहीत होता. आणि हा असा नव्हता.

त्यांच्या वर्गात महिन्यातून एकदा वासाचा खेळ व्हायचा. डोळ्यांवर फडकं बांधायचं, नाकाखाली वाटी धरायची आणि आत काय आहे ते ओळखायचं. नाक्या खेळायला लागल्यापासून या खेळात दुसऱ्या नंबरासाठीच चढाओढ असायची. त्या दिवशी त्याने फडकं बांधून घ्यायला टाळाटाळ केली, सर्दी झालीय म्हणाला. पोरांनी आग्रह करकरून त्याला बसवलं. पहिल्या वाटीत व्हिनेगर होतं. समोरून धरलं तरी डोळ्यांत पाणी यावं इतकं उग्र. नाक्याने वाटी हुंगली, पुन्हा हुंगली, मान थोडी तिरकी करून पोरांच्या आवाजाचा कानोसा घेतला आणि अंदाजाने म्हणाला, "व्हॅनिला."

पोरं खो खो हसली. त्यांना वाटलं, गंमत करतोय. फडक्याखाली त्याच्या जबड्याचा स्नायू उडत होता, तो फक्त मॅडमना दिसला. त्यांनी लगेच फडकं सोडलं, पीठ जास्त फुगायला लागलंय, पळा सगळे, असं म्हणून खेळ मोडला. पीठ काही फुगलं नव्हतं. पण त्याची फजिती चारचौघांत होऊ द्यायची नव्हती.

संध्याकाळी धुवायला टाकलेल्या अ‍ॅप्रनांच्या ढिगातून त्यांनी त्याचा अ‍ॅप्रन उचलला आणि नाकाशी नेला. यीस्ट नाही, लोणी नाही, घामसुद्धा नाही. गोडसर, डोक्यात जाणारा वास. नखांचं पॉलिश पुसताना येतो तसा, पण कितीतरी पट तीव्र. नाक्याचे वडील गाड्यांना रंग मारायचे, हे त्यांना माहीत होतं.

खाण्याच्या वस्तूंना हात लावणाऱ्या मुलांची शाळेत दर सत्राला तपासणी व्हायची. त्यासाठी एक डॉक्टरीणबाई यायच्या. मॅडमनी त्यांना गाठलं आणि कोणाचंही नाव न घेता सगळं सांगितलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, थिनर असणार, रंग पातळ करतात तो. मुलं तो हुंगतात, कारण तो हाताशी असतो आणि त्याला कोणी नशा समजत नाही. वास जातो, विसरायला होतं, हळूहळू मेंदू आणि काळीज दोन्ही धोक्यात येतात. पण मूल लवकर थांबलं तर बरंच काही परत येतं.

मॅडमनी विचारलं, मग मी आता काय करू? त्याचं दप्तर तपासू का?

डॉक्टरीणबाईंनी मान हलवली. "तपासून काय मिळेल? एक बाटली. आपल्याला बाटली नकोय, मुलगा हवाय. तो शुद्धीवर असताना, एकट्याला घेऊन बोला. तुम्हाला काय वाटतं ते सांगू नका, काय दिसलं ते सांगा. आणि एक लक्षात ठेवा. तो त्या अवस्थेत सापडला तर ओरडू नका, त्याच्या मागे धावू नका. दचकून धावत सुटलं तर हृदय बंद पडू शकतं अशा वेळी. शांतपणे मोकळ्या हवेत आणायचं, बस."

मॅडमनी ठरवलं की सोमवारी सकाळी त्याला थांबवून घ्यायचं. पण तेवढी सवड मिळाली नाही.

शनिवारी दुपारी मोठी ऑर्डर होती. भट्टी पेटलेली, सगळ्या बर्नरवर निळ्या ज्योती. नाक्या मधल्या सुट्टीतून उशिरा आला आणि ट्रे उचलायला सरळ भट्टीकडे निघाला. मॅडम टेबलापाशी लोणी कापत होत्या. तो जवळून गेला तसा तोच गोड वास आला, आणि त्याच्या अ‍ॅप्रनच्या खिशातून ओल्या चिंधीचं टोक लोंबताना दिसलं. थिनरने भिजलेली चिंधी, आणि चार पावलांवर उघडी आग.

ओरडावं असं घशापर्यंत आलं होतं. त्यांनी ते गिळलं, सुरी खाली ठेवली आणि रोजच्या आवाजात म्हणाल्या, "अरे, ट्रे राहू दे. मैद्याची पोती आलीत मागच्या अंगणात, माझ्याने हलत नाहीत. चल जरा."

तो थांबला. डोळे त्यांच्यावर होते, पण नजर भलतीकडेच. मग वळला. मॅडमनी चष्मिसकडे बघून भट्टीच्या गॅसच्या खटक्याकडे नुसती भुवई उडवली. पोरगी हुशार. एक शब्द न बोलता तिने गॅस बंद केला आणि खिडक्या सताड उघडल्या. मॅडम नाक्याच्या बाजूने, त्याच्या चालीने चालत राहिल्या. अंगणात पोती वगैरे काही नव्हती. एक सिमेंटची पायरी होती, तिच्यावर त्याला बसवलं आणि स्वतःही बसल्या. त्याच्या खिशातली चिंधी काढून लांब मोरीत टाकली, तेव्हा त्याने हातसुद्धा हलवला नाही.

वारा होता. त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू रंग परतला. एकदा उलटी झाली, ती मॅडमनी पाणी ओतून धुतली. मग त्याला कळलं की आपण कुठे आहोत आणि शेजारी कोण आहे. तो उठायला लागला, तशा त्या म्हणाल्या, "बस. मला तुझ्याकडून काही कबूल करून घ्यायचं नाही."

तो बसला.

"व्हिनेगर होतं त्या वाटीत," त्या म्हणाल्या. "कधीपासून वास येत नाही तुला?"

नाक्या रडायला लागला. आवाज न करता, तोंड उघडं ठेवून, लहान मूल रडतं तसा. मग सगळं बाहेर आलं. आजी आजारी पडली म्हणून आई महिनोन् महिने तिकडे गावी जाऊन राहिली होती. बाबा सकाळपासून गॅरेजमध्ये, आणि घर म्हणजे गॅरेजच्या मागच्या दोन खोल्या. गॅरेजमध्ये कामाला येणाऱ्या एका पोराने शिकवलं. सुरुवातीला मजा वाटली, घर रिकामं आहे हे विसरायला व्हायचं. मग एक दिवस कळलं की पावाचा वास येत नाही. घाबरला. आणि घाबरल्यावर काय करावं सुचेना म्हणून पुन्हा तेच. "मला वाटलं, मॅडम, आता माझ्याकडे द्यायला काहीच उरलं नाही," तो म्हणाला. "लोक मला नाकानेच तर ओळखतात."

मॅडमनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. म्हणाल्या, "लोकांचं राहू दे. मी तुला ओळखते ना. नाक परत आणायचा प्रयत्न करू. नाही आलं तरी तू माझाच विद्यार्थी."

गॅस बंद केल्यामुळे ऑर्डर राहिली म्हटल्यावर गोष्ट प्राचार्यांपर्यंत जाणारच होती. सोमवारी त्यांनी मॅडमना बोलावलं. माणूस वाईट नव्हता, पण संस्थेचं नाव हा त्यांचा हळवा कोपरा. नियम स्पष्ट आहे, म्हणाले, असलं काही सापडलं की नाव कमी करायचं. परवा भट्टीचा भडका उडाला असता तर? इतर मुलांच्या आईबापांना काय तोंड दाखवणार होतो?

मॅडमनी भडक्याची गोष्ट नाकारली नाही. त्या स्वतः दोन रात्री त्याच विचाराने झोपल्या नव्हत्या. तो पूर्ण बरा होईपर्यंत भट्टीजवळ फिरकणार नाही, हे त्यांनीच आधी मांडलं. मग म्हणाल्या, "सर, त्याला काढलं तर तो जाईल कुठे? वडिलांच्या गॅरेजात. तिथे थिनरचे डबे ओळीने मांडलेले आहेत. आपण त्याला इथून काढत नाही, तिथे पाठवतो आहोत."

प्राचार्य पेनचं टोपण काढत-घालत बसले.

"आणि दुसरं," मॅडम म्हणाल्या. "ह्याला काढलं हे बाकीच्या पोरांना कळणार. मग ज्याला मदत हवी असेल तो आपल्याकडे यायचा सोडून आपल्यापासूनच लपेल. मला इतके दिवस का लागले ठाऊक आहे? तो माझ्यापासून लपत होता म्हणून."

शेवटी प्राचार्यांनी सत्र संपेपर्यंत मुदत दिली. पण जबाबदारी तुमची, असं बजावलं. मॅडम म्हणाल्या, ती कालपण माझीच होती.

आता राहिले वडील. नाक्याला न सांगता जायचं नाही असं मॅडमनी ठरवलं होतं. म्हणून त्याला घेऊनच त्या गॅरेजवर गेल्या. वडील एका गाडीच्या दारावर पॉलिश पेपर घासत होते. उंच, शांत, हातांना कोपरापर्यंत निळा रंग. मॅडमसाठी त्यांनी स्टूल पुसून दिलं, चहा सांगितला. मग मॅडमनी सांगायला सुरुवात केली आणि त्यांचा चेहरा दगडासारखा होत गेला. मुलगा दाराशी मान खाली घालून उभा.

ऐकून झाल्यावर वडील म्हणाले, "बाई, तुमचा मान राखून सांगतो, काहीतरी चूक होतेय. हा माझ्याशेजारी झोपतो. असलं काही असतं तर मला वास आला नसता का?"

मॅडम उत्तर देणार होत्या, पण त्यांचं लक्ष मधल्या फळीवर गेलं. वडिलांच्या कोपराशेजारी थिनरचा डबा होता. झाकण निघालेलं, आणि वास इतका की मॅडमचं डोकं आल्यापासून ठणकत होतं. त्यांनी हळूच विचारलं, "दादा, तो डबा उघडा आहे. तुम्हाला त्याचा वास येतोय?"

वडिलांनी डब्याकडे पाहिलं. मग उचलून तोंडाजवळ नेला. खोल श्वास घेतला, आणि त्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या. पुन्हा घेतला. नाक्या दारातून धावत आला आणि त्याने बापाच्या हातातून डबा काढून घेतला. "बाबा, नका हुंगू," तो म्हणाला. "तुमचंही गेलंय. तुमचं माझ्याआधीच गेलंय."

इतकी वर्षं तोंडाला फडकंसुद्धा न बांधता हा माणूस रंगाच्या फवाऱ्यात उभा राहिला होता. जेवणाची चव कमी झाली म्हणून बायकोच्या स्वयंपाकाला नावं ठेवत होता. गाडीच्या दाराला टेकून ती सहा फुटांची मूर्ती खालीच बसली. मग त्यांनी पोराला हाताला धरून जवळ ओढलं. मारतील असं मॅडमना क्षणभर वाटलं. पण त्यांनी त्याचं डोकं आपल्या रंगाने माखलेल्या खांद्यावर दाबून धरलं.

त्यानंतर त्या माणसाने जे केलं त्याला तोड नव्हती. दुसऱ्याच दिवशी थिनरचे सगळे डबे घरापासून लांबच्या पत्र्याच्या खोलीत गेले आणि किल्ली त्यांच्या कमरेला आली. ज्या पोराने नाक्याला शिकवलं, त्याला हाकलून द्यायचं त्यांच्या मनात आलं होतं. नाक्याच म्हणाला, त्याचंही कोणी नाही बाबा. तेव्हा डॉक्टरीणबाईंकडे तिघांची वरात निघाली. वडील पुढे, मागे दोन पोरं, नाक मुठीत धरून. स्वतःसाठी त्यांनी चांगला मास्क आणला. रंगारी दोस्तांनी टिंगल केली, तेव्हा त्यांनी त्यांना ओळीने उभं केलं आणि कापलेला लसूण हुंगायला दिला. त्यांतल्या दोघांना काहीच कळलं नाही. त्यानंतर कोणी टिंगल केली नाही.

आजीला बरोबर घेऊन आई परत आली. घरात पाऊल टाकताच तिने सगळ्या खिडक्या उघडल्या आणि नवऱ्याला म्हणाली, तुम्हा दोघांना वास येत नव्हता, मला फोनवर आला नाही, एवढंच माझं चुकलं.

सगळं सरळ झालं असं नाही. एकदा, बरेच आठवडे नीट गेल्यावर, नाक्या घसरला. रस्त्यावर कोणीतरी दार रंगवत होतं, तिथे जाऊन उभा राहिला आणि भान गेलं. पण त्या वेळी तो लपला नाही. सकाळी शाळा उघडायच्या आधी मॅडमच्या दाराशी उभा होता. "काल चुकलं," एवढंच म्हणाला. मॅडमनी त्याला आत घेतलं, दूध-बिस्किटं समोर ठेवली आणि डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्यांचा जीव भांड्यात पडला होता. चुकला याचं दुःख होतंच, पण आपण होऊन चालत आला होता. तपासून मिळणारी ही गोष्ट नव्हती.

शाळेत तो पीठ मळायचा, पोती वाहायचा, भांडी घासायचा. भट्टीच्या खोलीत पाय ठेवायचा नाही. वर्गाला मॅडमनी नाक्याच्या परवानगीने जेवढं सांगायचं तेवढंच सांगितलं, आणि कोणाला काही विचारायचं असेल, सांगायचं असेल तर त्यांचं दार उघडं आहे असं म्हटलं. त्या आठवड्यात दोघं जण आले. एक जण मोठ्या भावासाठी आला होता. दुसरा स्वतःसाठी. प्राचार्यांच्या कानावर गेलं, तसं त्यांनी एक दिवस सगळ्या शिक्षकांना बसवून डॉक्टरीणबाईंना बोलावलं. स्वतः पहिल्या रांगेत बसले. गणिताचे सर, साफसफाईचे नियम शिकवणाऱ्या बाई, सगळे प्रश्न विचारत होते. हिशेबात हुशार पोरगा एकदम बेरजा चुकायला लागला तर काय समजायचं? डॉक्टरीणबाई म्हणाल्या, काही समजू नका, त्याला विचारा. बहुतेक वेळा काहीतरी वेगळंच निघेल, आणि तेही ऐकून घ्यायच्या लायकीचं असेल.

नाक्याचं नाक परत आलं ते गुपचूप. एक दिवस तो अंगणात पोती रचत होता आणि एकाएकी थांबला. पोत्यावर नाक टेकवलं. तागाचा वास. मग मैद्याचा, कोरडा, थंड. तो पळत खिडकीपाशी आला. भट्टीतून वाफ येत होती. सगळा वास नाही आला, लांबून गाणं ऐकू यावं तसा, तुटक तुटक. पण आला. त्याने खिडकीतून डोकं आत घातलं आणि ओरडला, "चष्मे, खालचा ट्रे काढ!" तिने काढला. मॅडम फडक्याने हात पुसत उगाचच मागे वळल्या. खोलीत धूर नव्हता, तरी त्यांचे डोळे पाणावले होते.

सत्राच्या शेवटी सगळ्या बेकरी शाळांची स्पर्धा होती. डॉक्टरीणबाईंनी हिरवा कंदील दाखवला होता. प्राचार्यांनी नाक्याला संघात घ्यायला हरकत घेतली नाही. उलट त्याचा अ‍ॅप्रन आपल्या हाताने आणून दिला, नवा, इस्त्रीचा. मोठं सभागृह, ओळीने परक्या भट्ट्या, चहूकडे नावाजलेल्या शाळांची मुलं. प्रत्येक संघाला एक मोठा गोल पाव भाजायचा होता. भट्टी अनोळखी, तिचा तापमानाचा काटा खोटं बोलतो हे दोन शाळांचे पाव करपल्यावर सगळ्यांना कळलं होतं. आता भरवसा नाकाचा.

नाक्या भट्टीपुढे उभा राहिला. पूर्वीचा नाक्या असता तर पाठ फिरवून उभा राहिला असता आणि शेखी मिरवली असती. हा वाकला, डोळे मिटले, दीर्घ श्वास घेतला. वास येत होता, पण पावाचं कवच भाजल्याचा आणि जळण्याआधीचा, यांतला बारीक फरक अजून त्याला धड लागत नव्हता. बाजूच्या टेबलावरची मुलं बघत होती. वडील, मास्क गळ्यात अडकवलेले, मागच्या रांगेत उभे होते.

तो वळून चष्मिसला म्हणाला, "मला अर्धाच कळतोय. तू सांग."

ती पुढे आली. काचा पांढऱ्या. तिने चष्मा डोक्यावर सरकवला आणि नाक पुढे केलं. "तुला काय वाटतं?" तिने विचारलं.

"गोड वाटतोय. अजून थोडं."

"मलाही गोड. पण खालून कडू यायला लागलाय."

नाक्याने पुन्हा हुंगलं. तिने सांगितल्यावर त्यालाही तो लागला, दोऱ्याइतका बारीक. "काढ," तो म्हणाला, आणि दोघांनी मिळून पाव बाहेर ओढला.

परीक्षकांनी कापला तेव्हा कवच कडाडलं. सभागृहाच्या पलीकडच्या टोकाला ऐकू गेलं ते. आत पाव पांढरा, जाळीदार, एकसारखा. पहिला नंबर त्यांचा. एरवी टाळ्याही दोन बोटांनी वाजवणारे प्राचार्य खुर्चीवर उभे राहिले आणि मग खुर्ची हलायला लागली म्हणून गणिताच्या सरांच्या खांद्याला धरून खाली उतरले. चष्मिस चष्मा शोधत खिशांत हात घालत होती, तो तिच्या डोक्यावर होता. नाक्याच्या आईने आजीला फोन लावून दिला आणि टाळ्यांच्या गजरात आजी काय म्हणाली ते कोणालाच कळलं नाही.

बक्षीस घेताना नाक्याला दोन शब्द बोलायला सांगितलं. त्याची तयारी नव्हती. तरी तो माईकपाशी गेला.

"मी यंदा थिनर हुंगत होतो," तो म्हणाला. "आता नाही हुंगत. मला कोणी पकडलं नाही. आमच्या मॅडमनी मला पोती उचलायला बोलावलं. पोती नव्हतीच." तो हसला, कितीतरी महिन्यांनी, पूर्वीसारखा. "इथे जे शिक्षक बसलेत त्यांना एकच सांगतो. तुमच्या वर्गातला कोणी बदललाय असं वाटलं तर त्याला बाहेर बोलवा. काहीतरी कारण काढा. तो येईल."

पहिली टाळी वाजली ती मागच्या रांगेतून, रंगाने निळ्या झालेल्या दोन हातांची. मग सगळं सभागृह उठलं. दुसऱ्या शाळेतल्या एक शिक्षिका गर्दीतून वाट काढत पावमॅडमकडे आल्या, त्यांचा हात धरला आणि हळूच म्हणाल्या, माझ्याकडे एक मुलगी आहे, तिच्याबद्दल बोलायचंय. मॅडमनी त्यांना बाजूला नेलं, दोन खुर्च्या ओढल्या आणि म्हणाल्या, "बसा. आधी सांगा, ती पूर्वी कशी होती?"